टेप सैल धरायची: वजन उतरवण्याच्या प्रकल्पातल्या मसाजच्या नोंदी

३ जानेवारी

पहिली बैठक. नऊ जण, बारा आठवडे. आहारतज्ज्ञ जेवणाचं बघणार, ट्रेनर व्यायामाचं, आणि माझ्याकडे आठवड्यातून एकदा प्रत्येकी चाळीस मिनिटं मसाज. लक्ष्य आहारतज्ज्ञांनी ठरवलं: सुरुवातीच्या वजनाच्या ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं. आकडे हवेतले नाहीत. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३ हजारांहून जास्त लोकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात जीवनशैली बदलणाऱ्या गटाला हेच लक्ष्य दिलं होतं. २००२ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरलं.

त्या अभ्यासात मसाज नव्हता. हे मी बैठकीत मुद्दाम बोलले, कारण भिंतीवर लावायच्या पत्रकाचा मसुदा समोर ठेवला होता आणि त्याची पहिलीच ओळ होती: ‘मसाजने चरबी वितळवा.’

नमनालाच घडाभर तेल, आणि तेही माझ्या नावावर. ओळ काढायला लावली. ‘मग दुसरी द्या,’ केंद्रवाले म्हणाले. तिथल्या तिथे सुचली नाही. ती जागा कोरी ठेवून पत्रक पुढे गेलं.

६ जानेवारी

पहिली मोजमापं. सहभागींची नावं वहीत लिहायची नाहीत असं ठरलंय, म्हणून इथून पुढे नुसते क्रमांक.

कमरेची टेप मी धरणार. पद्धत एकच ठेवायची: सर्वांत खालची बरगडी बोटाने चाचपायची, कमरेच्या हाडाची वरची कड चाचपायची, दोन्हींच्या मधोमध खूण करायची. टेप जमिनीला समांतर. श्वास सहज सोडून झाला की वाचायचं. टेप कातडीला टेकली पाहिजे, कातडीत रुतता कामा नये.

यावर एवढं का लिहितेय? कारण फार वर्षांपूर्वी मी ‘स्लिमिंग मसाज’च्या एका ठिकाणी नोकरी केली आहे. तिथे मसाजच्या आधी टेप सैल धरायची, बेंबीच्या खाली, गिऱ्हाईक पोट सोडून उभं असताना. मसाज झाल्यावर दोन बोटं वर, घट्ट ओढून, ‘आता श्वास सोडा’ म्हणून. पाऊण तासात चार-पाच सेंटिमीटर हमखास. आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं. मी सात महिने केलं. नंतर सोडलं, पण सात महिने केलं ते केलंच.

आज क्रमांक २ च्या कमरेला टेप लावली तर त्यांनी आपसूक श्वास सोडला आणि पोट आत घेतलं. कुठून आल्या असतील ते ओळखलं. म्हणाल्या, ‘तिकडे असंच सांगायचे.’ मी म्हटलं, ‘इथे सहज उभ्या राहा.’ आकडा बघून त्यांचा चेहरा पडला.

८ जानेवारी

मसाजचं टेबल बदलावं लागणार. माझ्या टेबलाच्या पायाजवळच्या पट्टीवर किती भार चालतो ते लिहिलेलं आहे. आजवर मी ते कधी वाचलंच नव्हतं. नऊपैकी दोघांसाठी ते अपुरं आहे, कारण पडलेल्या माणसाच्या वजनावर माझ्या हातांचा दाबही येतो. शिवाय अरुंद. हात टेबलाबाहेर लोंबकळत राहिले की खांदे सैल पडत नाहीत, मग मान दाबून काही उपयोग नाही.

जास्त रुंद, जास्त भार पेलणारं टेबल भाड्याने मिळतंय. सोबत चढायला पायरी आणि मोठे टॉवेल. नेहमीचा टॉवेल मोठ्या अंगाला पुरत नाही आणि तो पुरत नाही हे त्या माणसाला आपल्याआधी कळतं.

पालथं झोपवायचं नाही असंही ठरवलं. पोटावर भार आला की श्वास कोंडतो. कुशीवर, एक उशी डोक्याखाली, एक गुडघ्यांमध्ये, एक कवळायला. पाठ, खांदा, मांडीची बाहेरची बाजू, पोटरी, सगळं कुशीवर करता येतं. माझ्या मनगटांना थोडं अवघड जाईल. जाऊ दे.

१३ जानेवारी

वेळापत्रकावरून वाद. वजनांचे व्यायाम सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. खोलीही त्याच दिवशी दुपारी रिकामी असते म्हणून मसाज व्यायामाच्या आधी लावून टाकला होता. सोय खोलीची, माणसाची नव्हे.

नवख्या माणसाने व्यायाम केला की अंग आंबतं ते त्या दिवशी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. २४ ते ७२ तासांत दुखणं शिगेला पोचतं. जिना उतरताना मांड्या थरथरतात, पोटऱ्या भरून येतात, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. नेमकं तेव्हाच माणूस म्हणतो की हे आपल्याच्यानं होणार नाही. माझं काम असलंच तर तिथे आहे. व्यायामानंतर थकवा आणि दुखणं कमी करायचे जे उपाय वापरतात, त्यांची एकत्र तुलना करणारा आढावा २०१८ मध्ये आला. त्यात मसाज सगळ्यांत सरस ठरला होता.

म्हणून मंगळवार आणि शुक्रवार मागितले, संध्याकाळी. ट्रेनरने खोलीसाठी स्वतःचा एक वर्ग हलवला. ‘ताई, तुमच्यामुळे मला आता सकाळी साडेसहाला यावं लागणार,’ म्हणाला. त्याचे खांदे फुकट दाबून द्यायचं कबूल करून सुटका करून घेतली.

१७ जानेवारी

पहिला आठवडा. क्रमांक ५ ने पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, ‘दाबून दाबून पोटाची चरबी फुटते का हो ताई?’

हा प्रश्न मला वर्षातून शंभर वेळा येतो. आता उत्तर पाठ झालंय. हाताच्या दाबाने चरबी फुटत असती, तर दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नितंब सगळ्यात आधी सडपातळ झाले असते. त्या खळखळून हसल्या आणि पुढे म्हणाल्या, ‘मग ती जाते कुठे?’

हा मात्र खरा प्रश्न. ‘घामावाटे,’ असं बहुतेक जण सांगतात. ऑस्ट्रेलियातल्या रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन यांनी २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याचा जमाखर्च मांडला होता. शरीराने १० किलो चरबी जाळली तर तिच्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. म्हणजे चरबी जाते ती मुख्यतः नाकातोंडातून. पण नुसतं जोरजोरात श्वास घेऊन ती जात नाही. आधी शरीराला ती जाळायची गरज पडावी लागते, आणि ती गरज कमी खाण्यातून आणि जास्त हलण्यातून तयार होते. टेबलावर पडून राहणाऱ्याची ऊर्जा जवळजवळ विश्रांतीइतकीच खर्च होते. घाम येतो तो मला.

क्रमांक ५ म्हणाल्या, ‘म्हणजे बारीक तुम्हीच होणार.’

२१ जानेवारी

आज स्वतःचीच एक चूक दुरुस्त केली, म्हणून नोंद.

क्रमांक ३ ची पोटरी करत होते. उजव्या पोटरीत आतल्या बाजूला, साधारण मधोमध, सुपारीएवढी गाठ. अंगठा ठेवला की पाय आपोआप आखडतो. अशा वेळी जोर लावायचा नाही. अंगठा तिथेच टेकवून ठेवायचा, दुसऱ्या हाताने टाच धरून पाऊल हळूहळू वर-खाली करायचं, आणि त्यांचा श्वास लांबायची वाट बघायची. मिनिटभरात गाठ अंगठ्याखाली नरम पडते. पुसली जात नाही, पण हटवादीपणा सोडते.

त्यांनी विचारलं काय झालं, आणि मी सवयीने बोलून गेले, ‘लॅक्टिक ॲसिड साठलं होतं, ते निघालं.’ वाक्य तोंडातून गेलं आणि जीभ चावली. कित्येक वर्षं मी हेच सांगत आले आहे. मला शिकवणाऱ्यांनी हेच शिकवलं. पण व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) तासाभरात आपलं आपण खाली येतं, आणि दुखणं तर दुसऱ्या दिवशीचं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात अकरा तरुणांना सायकलवर पार दमवून त्यांच्या एकाच पायाला १० मिनिटं मसाज केला आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. २०१२ चा अभ्यास. मसाज केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी सापडले, लॅक्टेटमध्ये मात्र काही फरक नाही.

क्रमांक ३ ना म्हटलं, मघाचं खोडा, चुकीचं सांगितलं. त्यांना त्यात काडीचाही रस नव्हता. त्यांना उद्या चालता येईल का एवढंच हवं होतं. येईल, म्हटलं.

२८ जानेवारी

क्रमांक ६.

तीन आठवडे वेळ घेतात आणि ऐनवेळी निरोप पाठवतात. आज आल्या, पण पायरीपाशी उभ्या राहिल्या. कपडे काढणार नाही म्हणाल्या. ‘काढू नका,’ म्हटलं. टेबलावरही नको वाटत होतं. मग खुर्ची उलटी केली, पाठीच्या जागी उशी लावली, त्यावर छाती टेकवून बसवलं. कपड्यांवरूनच मान, खांदे आणि पाठ. तेल नाही.

पहिली दहा मिनिटं खांदे कानांपर्यंत चढलेले. मी काहीच बोलले नाही. खरं तर माझा स्वभाव बडबडा आहे, गप्प बसायला कष्ट पडतात. मग एकदम त्यांनी सांगायला सुरुवात केली. आजवर दवाखान्यात, कपड्यांच्या दुकानात, घरात, जिथे म्हणून कुणी अंगाला हात लावला तो काहीतरी मोजायला किंवा काहीतरी दाखवून द्यायला. पोटाला चिमटा घेऊन ‘हे बघ’ म्हणणारे नातेवाईक. बोलताना खांदे खाली आले ते त्यांना कळलंही नाही.

जाताना म्हणाल्या, ‘पुढच्या वेळीही खुर्चीच.’ खुर्ची तर खुर्ची.

४ फेब्रुवारी

चार आठवडे झाले. पहिल्या दोन आठवड्यांत काटा झरझर खाली आला होता, आता हलत नाही. निम्म्या लोकांचं मत असं की सुरुवातीचा उतार मसाजमुळे होता आणि आता मसाजचा ‘असर’ संपला.

आहारतज्ज्ञांनी फळ्यावर समजावलं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, ग्लायकोजेन, त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी तो साठा खर्च होतो आणि सोबत पाणी जातं. काटा खूश होतो. चरबी त्यानंतर, सावकाश. शरीरावरच्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी असतात. त्या दोन दिवसांत कुठे जाणार?

मसाजला श्रेय नको आणि दोषही नको, असं मी म्हटलं. पटलं की नाही कोण जाणे.

७ फेब्रुवारी

क्रमांक ९ ची डावी पोटरी. व्यायामाने दुखतेय म्हणाल्या, जोरात दाबा. टॉवेल सरकवला आणि हात मागे घेतला. डावी पोटरी उजवीपेक्षा उघड सुजलेली. हाताचा पालथा भाग टेकवला, गरम. व्यायाम दोन्ही पायांनी केला, मग एकच पाय का? विचारलं तर गेल्या आठवड्यात बारा-तेरा तासांचा बसचा प्रवास झालेला.

मसाज केला नाही. आजच्या आज डॉक्टरांकडे जा म्हटलं. एकाच पायाची सूज, ऊब आणि दुखणं, त्यात लांबचा बैठा प्रवास, म्हणजे आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शंका घ्यावीच लागते. असा पाय चोळला तर गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते.

त्या चिडल्या. रिकामी वेळ, रिक्षाचे पैसे, आणि वर मी घाबरवतेय. ट्रेनर त्यांना घेऊन गेला.

८ फेब्रुवारी

डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त वाहतं का ते बघणारी सोनोग्राफी, केला. गुठळी नाही. स्नायूचा धागा फाटला होता. दोन आठवडे विश्रांती. क्रमांक ९ चा निरोप: ‘तुमच्यामुळे उगाच धावपळ झाली.’ असू दे. उद्या असाच पाय समोर आला तर मी पुन्हा पाठवणार. फाटलेला स्नायूही जोरात दाबायचा नसतोच.

पहिल्या दिवशी भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये ‘काही आजार?’ एवढाच प्रश्न होता. आता प्रत्येक वेळी टेबलापाशीच विचारायचं: ताप, नवीन सूज, प्रवास, रक्त पातळ करणारी गोळी, जखम, ऑपरेशन, हाडं ठिसूळ असल्याचं निदान, गरोदरपण. शिरा फुगलेल्या असतील तर त्यांच्यावर दाब नाही.

१८ फेब्रुवारी

झोपेवर बोलणं झालं. आहारतज्ज्ञांनी २०१० चा एक छोटा प्रयोग सांगितला: दहाच माणसं, सारखंच मोजूनमापून कमी खाणं, एकदा चौदा दिवस साडेआठ तास झोपायची मुभा आणि एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत ०.६ किलो. उरलेलं स्नायूंमधून वगैरे गेलं.

आमच्या वहीत सात जणांनी ‘मसाजच्या रात्री झोप चांगली’ असं लिहिलंय. वहीतल्या नोंदीच त्या, झोप कुणी मोजलेली नाही. मसाजने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचा हार्मोन, धाडकन उतरतो असं आमच्या धंद्यात सर्रास सांगतात. २०११ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा तो परिणाम अगदीच किरकोळ निघाला. चिंता मात्र कमी होते, त्याला बऱ्यापैकी आधार आहे. मला तेवढं पुरे. रात्री साडेदहाला जिवाची घालमेल होऊन जो फ्रिज उघडला जातो, तो चिंतेने उघडला जातो. भुकेने नव्हे.

२५ फेब्रुवारी

हे आधी लक्षात यायला हवं होतं. ट्रेनरने चालण्याच्या नोंदी माझ्या वेळापत्रकाशेजारी ठेवल्या. क्रमांक १, ४ आणि ८ मसाजच्या दुसऱ्या दिवशी चालतच नाहीत. विचारलं तर क्रमांक ४ सरळ म्हणाले, ‘काल झालं की सगळं अंगाचं.’

म्हणजे मी ज्यासाठी आहे त्याच्या बरोबर उलट. माझ्या टेबलावर पडून त्यांना व्यायाम केल्यासारखं वाटतं. अंग हलकं, जिवाला बरं, काम झालं. ट्रेनर म्हणाला, चालला नाही तर मसाज नाही, असा नियम करू. मला पटलं नाही. क्रमांक ६ सारख्यांना ती शिक्षाच होईल आणि त्या पुन्हा पायरीपासून परत जातील. शेवटी असं ठरवलं की मसाज संपला की वहीत दुसऱ्या दिवशीची चालायची वेळ त्यांच्याच हाताने लिहायची, जोडे चढवण्याआधी. साधं आहे. चालतं का बघू.

११ मार्च

क्रमांक १ आणि ४ चालू लागले. क्रमांक ८ ने प्रकल्पच सोडला. फोन करून विचारलं, ‘मालिश तेवढी चालू ठेवता येईल का?’ आरामासाठी हवी तर या म्हटलं, वजनासाठी नको. पुढच्या आठवड्यात सांगते म्हणाल्या.

क्रमांक ६ टेबलावर झोपल्या. कपड्यांसकट, कुशीवर. बाकी काही घडलं नाही.

१८ मार्च

प्रकल्प संपल्यावर मी नसणार, म्हणून आज स्वतःचं स्वतः करायला शिकवलं. टेनिसचा चेंडू तळपायाखाली, बसून, दोन-दोन मिनिटं. तोच चेंडू भिंत आणि पाठ यांच्यात धरून खांद्याच्या फऱ्याशेजारी, मणक्यावर नाही. मांडीला दोन्ही हातांच्या मुठींनी गुडघ्याकडून वर. क्रमांक ३ च्या हातून चेंडू तीनदा सुटून कपाटाखाली गेला. चौथ्यांदा मोज्यात घालून दिला.

२९ मार्च

शेवटची मोजमापं. आठपैकी पाच जणांनी ७ टक्के गाठले, दोघे जवळ आहेत, क्रमांक ९ चे दोन आठवडे दुखापतीत गेले. केंद्राला पत्रकासाठी लगेच वाक्य हवं: ‘मसाजसह वजन घटवा.’ यातलं किती मसाजमुळे, हे सांगता येणार नाही, कारण मसाज न घेतलेला गट आपण ठेवलाच नव्हता. पहिल्या दिवशी कोरी सोडलेली जागा मी आज भरून दिली: ‘वजन आहार आणि व्यायामाने उतरतं. अंग आंबलं की मसाज आहे.’ खपणार नाही म्हणाले. छापताहेत मात्र.

क्रमांक २ ने टेप माझ्या हातातून घेतली. ‘मीच धरते.’ बरगडी चाचपली, कमरेचं हाड चाचपलं, मधोमध खूण केली. टेप एकदा वर सरकली, ती आरशात बघून खाली घेतली. पोट आत ओढलं नाही. सहज श्वास सोडला आणि आकडा मला वाचायला सांगितला. सहा सेंटिमीटर कमी.

‘ओढली नाही ना मी?’ त्यांनी विचारलं.

टेप आणि कातडीच्या मधे माझं बोट सहज जात होतं. तसंच वहीत लिहिलं.